शौर्याचा हिशेब आणि मनाची जखम

सैनिकाविषयी आपण जे लिहिले ते बहुतांशी त्याच्या शौर्याविषयी लिहिले. १ जानेवारी १८१८ ची भीमा कोरेगावची लढाई, तेथील स्तंभावर कोरलेली ‘नाक’ प्रत्ययाची २२ नावे, १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या स्तंभाला दिलेली भेट, १९४१ साली बेळगावला उभी राहिलेली महार रेजिमेंट, हा सारा इतिहास आपल्या अस्मितेचा कणा आहे. तो सांगितलाच पाहिजे. परंतु लढाई संपल्यावर जो माणूस जिवंत घरी परतला त्याच्या मनाचे काय झाले? तो रात्री झोपला का? बायकोशी, मुलांशी पूर्वीसारखा बोलला का? हे प्रश्न आपण फारसे विचारले नाहीत. प्रस्तुत लेख त्यांच्याविषयी आहे.

मी डॉक्टर नाही, शिक्षक आहे. पालघर जिल्ह्यातील घिवली या किनाऱ्यावरच्या गावी राहतो. माझी सारी नोकरी बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात झाली. या पट्ट्यात कारखान्यांच्या फाटकांवर रात्रपाळीला उभे राहणाऱ्या रखवालदारांमध्ये अनेक माजी सैनिक आहेत. त्यांची मुले माझ्या वर्गात होती, म्हणून त्यांच्या घरी जाणे-येणे झाले. त्या घरांतून जे दिसले त्याचा अर्थ लावण्यासाठी मी या विषयाकडे वळलो. कार्यकर्ते, विद्यार्थी आणि शिक्षक यांना उपयोगी पडेल अशा रीतीने तो येथे मांडतो.

१. शौर्य हा युक्तिवाद का झाला?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज सरकारने ‘लढवय्या जातीं’चा सिद्धांत उचलून धरला. धैर्य रक्तात असते, ते काही जातींत असते आणि काहींत नसते, असे हे अशास्त्रीय मत होते. वर्णव्यवस्थेला ते अर्थातच सोयीचे होते. या मताच्या आधारे १८९२-९३ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. ज्या घरांनी पिढ्यान्पिढ्या पलटणीत चाकरी केली, ज्यांना पलटणीतच पहिल्यांदा अक्षरओळख झाली, त्या घरांचे दार एका हुकुमाने बंद झाले. स्वतः बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. पलटण म्हणजे काय हे त्या घराला कोणी सांगावे लागत नव्हते.

या अन्यायाविरुद्ध १८९४ साली निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी अर्ज सिद्ध केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. या अर्जांचा एक मुख्य आधार असा होता की, आमच्या वाडवडिलांनी रणात रक्त सांडले आहे, मग आम्ही भित्रे कसे? पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी करण्यात आली. गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा माणसे हवी झाली, बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १९४१ साली रेजिमेंट उभी राहिली.

हा क्रम नीट पाहिला म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. सवर्णांचे माणूसपण जन्माने मान्य झालेले होते. आपल्याला ते शौर्याचा पुरावा देऊन सिद्ध करावे लागले. त्यामुळे शौर्याचा हिशेब आपण चोख ठेवला. कोण कुठे लढला, कोणाला कोणते पदक मिळाले, सगळे लिहून ठेवले. पण ज्याचे मन युद्धाने मोडले त्याची नोंद आपण कुठे ठेवणार होतो? त्याची नोंद म्हणजे प्रतिपक्षाच्या हाती दिलेला पुरावा, असे वाटणे स्वाभाविक होते. म्हणून तो माणूस घरातच राहिला. त्याच्या रात्री त्याच्या बायकोनेच काढल्या. समाजाच्या अभिमानाने त्याच्यावर मौन लादले, हे कटू असले तरी खरे आहे.

या मौनाचे मूळ ‘लढवय्या जाती’च्या सिद्धांतातच आहे. धैर्य रक्तात असते हे एकदा मान्य केले की मोडलेले मन म्हणजे रक्तातील दोष ठरतो. तो सिद्धांत आपल्या बाजूने वापरला तरी तो खोटाच राहतो. मनाची जखम जात पाहून होत नाही, हे आधुनिक मानसशास्त्राने दाखवून दिले आहे. ते कसे, हे आता पाहू.

२. ही जखम म्हणजे काय?

पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्याखालून परतलेले सैनिक थरथरत, मुके होत, काहींची दृष्टी जाई. शरीरावर मात्र ओरखडाही नसे. १९१५ साली चार्ल्स मायर्स या वैद्याने अशा रुग्णांवरील आपल्या लेखात ‘शेलशॉक’ हा शब्द वापरला. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मेंदूला इजा होत असावी, असा प्रथम समज होता. पण गोळा जवळ न फुटलेल्यांनाही तोच त्रास होऊ लागला, तेव्हा हा प्रश्न मनाचा आहे हे कळले. ब्रिटिश सैन्यात अशा रुग्णांची संख्या सुमारे ८० हजार सांगितली जाते. तेथेही वर्गभेद सुटला नव्हता. अधिकाऱ्याला त्रास झाला तर त्याला ‘मज्जातंतूंचा थकवा’ म्हणत, साध्या शिपायाला झाला तर ‘उन्माद’ म्हणत. पळून जाणे, भित्रेपणा अशा आरोपांखाली ३०६ ब्रिटिश व वसाहतींमधील सैनिकांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांना मरणोत्तर माफी मिळाली ती २००६ साली, म्हणजे जवळपास नव्वद वर्षांनी.

व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांनी अमेरिकेत आवाज उठवला आणि १९८० साली तेथील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने हा विकार आपल्या यादीत अधिकृतपणे नोंदवला. आज तो पीटीएसडी या नावाने ओळखला जातो. मराठीत त्याला आघातोत्तर तणावविकार म्हणता येईल. एक गोष्ट विसरू नये. हे निदान केवळ प्रयोगशाळेतून आलेले नाही. सैनिक एकत्र बसले, एकमेकांशी बोलले, रस्त्यावर आले, तेव्हा शास्त्राने त्यांची दखल घेतली. चळवळीच्या माणसाला यातला अर्थ वेगळा सांगायला नको.

या विकाराची लक्षणे चार गटांत मांडतात.

पहिला गट पुनरनुभवाचा. घडून गेलेला प्रसंग आठवत नाही, तर पुन्हा घडतो. स्वप्नात घडतो, जागेपणीही घडतो. एखादा वास, एखादा आवाज पुरेसा असतो.

दुसरा गट टाळण्याचा. माणूस त्या विषयावर बोलत नाही, त्या माणसांना भेटत नाही, गर्दीत जात नाही.

तिसरा गट विचार आणि भावना बदलण्याचा. जग धोक्याचे आहे, मी नालायक आहे, माझे मित्र मेले आणि मी उरलो हा माझाच गुन्हा आहे, असे वाटत राहते. मुलांविषयी मायाही जाणवेनाशी होते.

चौथा गट सतत सावध राहण्याचा. झोप नाही, दचकणे, क्षुल्लक कारणावरून संताप, नेहमी भिंतीला पाठ लावून आणि दाराकडे तोंड करून बसणे.

ही लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकली आणि त्यांनी रोजचे जगणे अडवले तर त्यास विकार म्हणतात.

यामागची प्रक्रिया थोडक्यात अशी. धोका ओळखून शरीराला सज्ज करणारा एक भाग मेंदूत असतो. रणांगणावर तो अहोरात्र काम करतो, आणि करतो म्हणूनच सैनिक वाचतो. घटनेला काळ आणि स्थळ यांचा शिक्का मारणारा भाग वेगळा असतो. आघाताच्या क्षणी हा शिक्का नीट बसत नाही. त्यामुळे ती घटना ‘तेव्हा, तिथे’ घडली म्हणून मागे पडत नाही, ‘आता, इथे’ अशी जिवंत राहते. म्हणजे ज्या सवयीने तेथे जीव वाचवला तीच येथे जीव खाऊ लागते. यात भित्रेपणाचा संबंध कुठे येतो? बंदुकीच्या नळीइतकीच ही यंत्राची गोष्ट आहे.

आणखी एक खुलासा आवश्यक आहे. युद्ध पाहिलेला प्रत्येक माणूस या विकाराने ग्रासला जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगातील सुमारे ३.९ टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी हा विकार होतो. युद्ध व हिंसक संघर्ष अनुभवलेल्यांत हे प्रमाण १५.३ टक्के आहे. म्हणजे बहुसंख्य सावरतात. तेव्हा प्रत्येक माजी सैनिकाकडे रुग्ण म्हणून पाहणे हाही अन्यायच आहे. पण १५ टक्के हा आकडाही लहान नाही. शंभर घरांतील पंधरा घरे, असा त्याचा अर्थ आहे.

३. भीतीची जखम आणि नीतीची जखम

मन केवळ भीतीने मोडत नाही. जे बरोबर नाही ते करावे लागले, पाहावे लागले किंवा थांबवता आले नाही, यानेही ते मोडते. व्हिएतनामच्या सैनिकांवर उपचार करणारे जोनाथन शे यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात या जखमेची मांडणी केली. तिला नैतिक जखम म्हणतात. ज्यांच्या हाती अधिकार आहे त्यांनीच न्यायाचा विश्वासघात केला ही जाणीव तिच्या मुळाशी असते, असे शे म्हणतात.

आपल्या इतिहासात या जखमेची ठिकाणे शोधणे कठीण नाही. १९४७ साली महार रेजिमेंटच्या बटालियन पंजाब सीमा दलात होत्या. निर्वासितांचे काफिले सांभाळायचे आणि आजूबाजूला चाललेली कत्तल पाहायची, असे ते काम. शत्रूशी लढताना सैनिकाला निदान कर्तव्याचा आधार असतो. शेजाऱ्याने शेजाऱ्याला मारताना पाहणाऱ्याला कोणता आधार?

दुसरे ठिकाण श्रीलंका. जुलै १९८७ ते मार्च १९९० या काळात भारतीय शांतिसेना तेथे होती. अकराशेहून अधिक भारतीय जवान तेथे मृत्यू पावले. ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी तेथेच धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. मुंबईत जन्मलेल्या या अधिकाऱ्याचे नाव आपण अभिमानाने घेतो. पण त्या युद्धाचे स्वरूपही समजून घ्यावे. ज्या तमिळ जनतेच्या रक्षणासाठी म्हणून गेलो तिच्यातूनच गोळी येत होती. वस्तीतला कोण सामान्य आणि कोण लढवय्या, हे कळायला मार्ग नव्हता. रस्त्यात सुरुंग होते. आणि परत आल्यावर देशात त्या मोहिमेविषयी कोणालाच बोलायचे नव्हते. जिंकलेल्या युद्धाच्या सैनिकाला निदान मिरवणूक मिळते. यांना तेही मिळाले नाही.

तिसरे ठिकाण आपल्याच राज्यात, गडचिरोलीला आहे. नक्षलवादाशी लढण्यासाठी १९९० साली तेथे पोलिसांचे सी-६० दल उभे केले. त्यातील पुष्कळ जवान स्थानिक आदिवासी तरुण. समोर बंदूक घेऊन उभा राहिलेला तरुणही बहुधा आदिवासीच, आणि दोघांच्या मध्ये सापडलेले गावही आदिवासींचेच. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळ सुरुंगस्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या वाहनाचा चालक ठार झाला. आपण अशा वेळी मृतांची संख्या वाचतो. त्यांच्या मागच्या गाडीत जे होते, ज्यांनी ते अवशेष गोळा केले, त्यांची संख्या कोण मोजतो? आणि दोन्ही बाजूंच्या धाकाखाली वाढणाऱ्या मुलांची?

४. परतलेल्या माणसाचे घर

आता एका घराविषयी लिहितो. नाव-गाव देत नाही. त्यांच्या संमतीने एवढेच लिहितो. बोईसरजवळच्या एका वस्तीतले हे गृहस्थ पायदळातून श्रीलंकेला गेले होते. निवृत्तीनंतर एका कारखान्यात रखवालदार झाले. रात्रपाळी त्यांनी मागून घेतली, कारण रात्री झोपण्यापेक्षा जागणे त्यांना सोपे जाते. ८ मार्च २०१८ च्या रात्री तारापूर औद्योगिक वसाहतीत एका रसायन कारखान्यात स्फोट होऊन आग लागली. दूरदूरच्या गावांपर्यंत आवाज गेला, लोक घराबाहेर धावले. हे त्या रात्री सुट्टीवर घरी होते. ते बाहेर धावले नाहीत. पलंगाखाली जमिनीला छाती टेकवून पडले आणि धाकट्या मुलीला खाली ओढून तिच्या तोंडावर त्यांनी हात दाबून धरला, आवाज होऊ नये म्हणून. मुलगी गुदमरली. आईने तिला सोडवले.

त्यानंतर नातेवाइकांनी भगताकडे न्यायचा आग्रह धरला. त्या माउलीने ठाम नकार दिला. मला म्हणाल्या, “गुरुजी, ह्यांना भूतानं नाही धरलं, त्या लंकेनं धरलंय. भगत काय करणार त्याला?” या बाईंचे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. त्यांना वर सांगितलेले एकही नाव ठाऊक नव्हते, आणि निदान मात्र अचूक होते. तीस वर्षे नवऱ्याला झोपेतून उठवताना त्या कधीही खांद्याला हात लावत नाहीत. पायाच्या बाजूला दूर उभ्या राहून नाव घेऊन हाक मारतात. अंगाला हात लागला की झोपेतला सैनिक गळा धरतो, हे त्या पहिल्या महिन्यातच शिकल्या. आज पुस्तकांत घरच्यांसाठी हीच सूचना दिलेली आढळते.

हे गृहस्थ एकदा मला म्हणाले, “मास्तर, पलटणीत मला कुणी जात नाही विचारली. सुट्टीवर आलो की गावात पहिली तीच विचारायचे.” हे वाक्य मी विसरू शकलो नाही. आघातावर संशोधन करणारे सांगतात की सावरण्याचा सर्वांत मोठा आधार म्हणजे परतलेल्याला मिळणारी माणसांची ऊब आणि मान. जुडिथ हर्मन यांनी १९९२ च्या ग्रंथात सावरण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या: सुरक्षितता, घडलेल्याचे स्मरण व शोक, आणि समाजाशी पुन्हा नाते जोडणे. गावकुसाबाहेरच्या सैनिकाला यातली तिसरी पायरी मिळणार कशी? ज्या समाजाशी नाते पुन्हा जोडायचे त्याने ते मुळात जोडलेलेच नव्हते. देशासाठी मरायला तो नागरिक, पाणी भरायला तो महार. म्हणजे त्याच्या बाबतीत विश्वासघात दोनदा झाला, एकदा रणावर आणि एकदा वेशीवर. जातीचा अपमान हाही मनावरचा आघातच आहे. युद्धाची जखम त्यावर होते तेव्हा ती कोऱ्या कातडीवर होत नाही.

दारूविषयीही बोलले पाहिजे. झोप येत नाही म्हणून कॅन्टीनची रम, ती संपली की ताडी. वस्तीत त्याला ‘दारुडा फौजी’ म्हणतात आणि विषय संपतो. दारू हा बहुधा त्याने स्वतःच शोधलेला चुकीचा उपचार असतो. ती सुरुवातीला झोप आणते, पुढे झोपच खाते आणि दुःस्वप्ने वाढवते. पण हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो की आघात हे मारहाणीचे समर्थन होऊ शकत नाही. बायको-मुलांची सुरक्षितता प्रथम. घरात हात उगारला जात असेल तर आधी त्यांना सुरक्षित ठिकाणी न्यावे, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचा आधार घ्यावा, मग उपचाराचे बोलावे. त्याच्या दुःखाची किंमत तिने का मोजावी?

५. सोबत कशी करावी?

कार्यकर्त्याने डॉक्टर होण्याची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्राथमिक मानसिक आधारासाठी तीन साध्या क्रिया सांगितल्या आहेत: पाहा, ऐका, जोडून द्या. प्रथम माणूस आणि घर सुरक्षित आहे का ते पाहा. नंतर ऐका. शेवटी त्याला योग्य मदतीशी जोडून द्या. यातील ‘ऐका’ हा शब्द कठीण आहे. ऐकणे म्हणजे उलटतपासणी नव्हे. “किती मारले?” हा प्रश्न माजी सैनिकाला आपल्याकडे सहज विचारला जातो, मुलेही विचारतात. तो कधीही विचारू नये. त्याने न सांगता काही उकरून काढू नये. प्रसंगानंतर लगेच सर्वांना एकदा बसवून सगळे बोलायला लावण्याची पद्धत पूर्वी प्रचलित होती. तिचा उपयोग होत नाही, काहींना अपायही होतो, असे अभ्यासांत आढळले आहे. “आता विसरून जा” असेही म्हणू नये. विसरता आले असते तर तो विसरला असता.

उपचार उपलब्ध आहेत. आघातावर केंद्रित अशा बोलण्याच्या उपचारपद्धती आहेत. त्यांत प्रशिक्षित व्यक्तीच्या सोबतीने, सुरक्षित जागी, हळूहळू त्या आठवणीला सामोरे जाऊन तिला तिचा काळ आणि स्थळ परत दिले जाते. नैराश्यावरची काही औषधेही उपयोगी पडतात. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या झोपेच्या गोळ्या मात्र रोग बरा करत नाहीत, त्यांची सवय लागते.

आपल्या विहारांतून ध्यानाची शिबिरे होतात. श्वासावर लक्ष ठेवण्याने पुष्कळांना शांतता मिळते, हे खरे. पण ज्याची जखम उघडी आहे त्याला एकदम दहा दिवसांच्या मौन शिबिराला पाठवू नये. शांततेत आठवणी उसळून येतात आणि सावरायला जवळ कोणी नसते. आधी वैद्यकीय सल्ला, मग ध्यान. बुद्धाने दुःखाचे कारण शोधायला सांगितले, दुःख लपवायला सांगितले नाही.

आपल्या कार्यक्रमांकडेही पाहू. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत माजी सैनिकाला गणवेशात पुढे उभे करतो आणि त्याच्या कानाशी सुतळी बॉम्ब लावतो. त्याला आदल्या दिवशी कल्पना द्यावी, फटाके दूर लावावेत, कर्ण्याच्या भिंतीजवळ त्याला उभे करू नये. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात भूकंपाचे धक्के आणि जमिनीतून येणारे दणके यांनी लोकांच्या कित्येक रात्री भीतीत गेल्या. त्या भागातील शिक्षकांनी वर्गातल्या मुलांच्या झोपेची चौकशी करावी. आघात फक्त युद्धाचाच असतो असे नाही.

६. हक्क कोणते?

मदत म्हणजे दया नव्हे, हक्क आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शासकीय व्यवस्थेतून मानसोपचार मिळणे हा प्रत्येकाचा अधिकार ठरवला आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे, त्याला शिक्षेऐवजी उपचार मिळावेत, असेही तो कायदा सांगतो. हा विषय दूरचा नाही. मागील पाच वर्षांत तिन्ही सैन्यदलांतील ८१९ जवानांनी आत्महत्या केल्याचे सरकारने जुलै २०२२ मध्ये राज्यसभेत सांगितले. त्यांपैकी ६४२ भूदलातील होते. कोणी जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलला तर ते थट्टेवारी नेऊ नये. सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटे सोडू नये.

१४४१६ हा टेलिमानस सेवेचा क्रमांक आहे. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि मराठीत बोलता येते. सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा विशेष कक्ष १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. निवृत्तिवेतनधारक माजी सैनिकाला २००३ साली सुरू झालेल्या माजी सैनिक आरोग्य योजनेतून मानसोपचारही मिळतात. आपल्या भागाला जवळचे मोठे शासकीय मनोरुग्णालय म्हणजे ठाण्याचे, १९०१ सालचे. ‘ठाण्याला पाठवा’ ही आपल्याकडे शिवी झाली आहे. ती आपल्या तोंडून तरी जावी.

पेन्शनचा मुद्दा महत्त्वाचा आहे. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल आणि पुढे वैद्यकीय कारणाने सैनिकाला काढले असेल, तर तो आजार नोकरीमुळे झाला असे गृहीत धरावे, तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, असे सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात २०१३ साली सांगितले. २१ सप्टेंबर २०२३ पासून, त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांसाठी नियम बदलले आहेत, तेव्हा निवृत्तीची तारीख पाहूनच अर्ज करावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी. तेथे दाद न लागल्यास सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे पीठ मुंबईत आहे. मनाच्या आजाराने येणारे अपंगत्व २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही समाविष्ट आहे. पण या सगळ्याला कागद लागतो. जो त्रास नोकरीत असताना लपवला त्याचा कागद निवृत्तीनंतर मिळत नाही. म्हणून आज भरती होणाऱ्या आपल्या मुलांना हे सांगितले पाहिजे: गुडघा दुखला तर दवाखान्यात नोंद करतोस, तशीच झोप गेली तरी नोंद कर.

७. पुढचे काम

शिक्षक आणि विद्यार्थी यांना एक काम सुचवतो. आपापल्या तालुक्यातील वृद्ध सैनिक आणि त्यांच्या पत्नी यांच्या आठवणी, त्यांची इच्छा आणि संमती असेल तेथेच, लिहून घ्या. पत्नींच्या आठवणी आधी लिहा, कारण त्या कुठल्याच दप्तरात नाहीत. प्रत्येक मोठ्या वस्तीत महिन्यातून एकदा माजी सैनिकांनी विहारात एकत्र बसावे. भाषण नको, अध्यक्ष नको, हारतुरे नकोत. एकमेकांची विचारपूस एवढाच कार्यक्रम असावा. व्हिएतनामच्या सैनिकांनी सुरुवात अशाच बैठकांतून केली होती.

वर ज्यांच्याविषयी लिहिले ते गृहस्थ आज उपचार घेतात. पूर्ण बरे झाले असे ते म्हणत नाहीत. आठवड्यातून चार-पाच रात्री झोप लागते, दारू सुटली आहे. मुलीशी त्या रात्रीविषयी ते एकदाच बोलले. तिला काय सांगितले ते मी विचारलेले नाही.

शौर्याचा आपला इतिहास खरा आहे, त्याला कोणी हात लावू शकत नाही. पण माणूसपण सिद्ध करण्यासाठी शौर्याचे प्रमाणपत्र दाखवण्याची अट आता आपण तरी मान्य करू नये. जो लढला तो माणूस, जो लढताना मोडला तोही माणूस, आणि ज्या बाईने त्याला तीस वर्षे दूर उभे राहून हाक मारून उठवले तीही त्या युद्धात होती. आपल्या हिशेबात आता तिघांचीही नोंद व्हावी.